नानांचं मशीन बंद होतं

आधीच सांगून टाकते. या ग्रुपवर मी चार वर्षं आहे आणि इथल्या निम्म्या गोष्टींची मी टर उडवलेली आहे. पांढरी साडी, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारी बाई... मी खाली कमेंटमध्ये जाऊन विचारायचे, "बाईचं आधार कार्ड बघितलं का?" तेव्हा आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर काही जणांना उकळ्या फुटणार. फुटू देत. मी तेव्हाही भुतंखेतं मानत नव्हते, आजही मानत नाही. पण जे झालं ते झालं, आणि तेही भर दुपारी तीन वाजता, पंख्याखाली, माझ्या आईसमोर. मी काही चोरी केलेली नाही, मग लपवायचं कशाला?

आणि हो, "ताई, घराची शांती करून घ्या" वाल्यांनी आणि "ताई, ड्रायव्हर अपडेट करा" वाल्यांनी आधी पूर्ण वाचावं. मग बोलावं.

मी म्हसावदची, तालुका शहादा. धडगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे - झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन, आणि सकाळी कॉम्प्युटरचा क्लास. मागे घर. घरात मी आणि आई. वडील, म्हणजे नाना, दोन वर्षांपूर्वी गेले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, आणि निम्मी नोकरी सातपुड्यातल्या पाड्यांवर केली. रिटायर झाल्यावर माणसं पारावर बसून पेपर वाचतात. आमचे नाना गळ्यात जीपीएस मशीन अडकवून डोंगर चढायला लागले.

वनहक्काचे दावे तुम्हाला माहीत असतील. जंगलातली जमीन जो पिढ्यान्पिढ्या कसतोय, त्याच्या नावावर ती व्हावी म्हणून हद्द मोजून नकाशा द्यावा लागतो. नाना हे काम हौसेने करायचे. शेताचा मालक पुढे, नाना मागे, असं दोघांनी हद्दीवरून फिरायचं. मशीन दर मिनिटाला 'टुंग' वाजायचं आणि आपण उभे असू तिथला एक ठिपका वेळेसकट आत नोंदवायचं. घरी येऊन ठिपके कॉम्प्युटरवर उतरवले, जोडले की झाला नकाशा.

नकाशे काढायचा त्यांचा प्रोग्रॅम मात्र आद्य काळातला, जुन्या विंडोजवरच चालणारा. त्यांचा पीसी मेला तेव्हा मी त्यांच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन करून दिलं. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी - लॅपटॉपच्या आत एक दुसरा, खोटा कॉम्प्युटर चालतो. त्याचं विंडोज वेगळं, त्याच्या फायली वेगळ्या. आणि तो अख्खा कॉम्प्युटर म्हणजे एक भलीमोठी फाईल असते. लॅपटॉप तेव्हाच म्हातारा, चार जीबी रॅमचा, आतली डिस्क गच्च भरलेली. म्हणून ती फाईल मी एक्स्टर्नल ड्राईव्हवर ठेवली आणि आम्ही तिथूनच चालवत होतो. चालायचं, पण कसं! सुरू करून चहा ठेवायचा, चहा पिऊन कप धुवायचे, तेव्हा कुठे खिडकी उघडायची. शिवाय ड्राईव्हची पिन ढिली. वायर जरा हलली की आतलं सगळं जागच्या जागी गोठायचं. नाना वायरला रबर लावून ठेवायचे आणि कोणी टेबलाजवळ आलं की ओरडायचे.

ते गेल्यावर मी त्या व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घेतला. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी आत जसं होतं तसं सगळं राखून ठेवणं. दर वेळी काम झालं की बंद करताना मी परत स्नॅपशॉटवर यायचे. म्हणजे आत चुकून काही खोडलं, काही वाढलं, तरी पुढच्या वेळी उघडल्यावर सगळं नानांनी ठेवलं तस्संच. आत कायमचा काही बदल होणं शक्यच नव्हतं. कॉम्प्युटर शिकवून पोट भरणारी बाई हे सांगतेय, तेव्हा वाद घालू नका.

यंदा होळीच्या पंधरा दिवस आधी रायलीमावशी दुकानात आली. वरच्या एका पाड्यावरची पावरा आदिवासी बाई, साठीची. पाड्याचं नाव लिहीत नाही. तिचा नवरा वेस्त्या सहा वर्षांपूर्वी वारला. त्याची हद्द नानांनीच मोजली होती, त्यालाही दहा-एक वर्षं झाली असतील. दावा आता फेरपडताळणीला निघाला होता आणि कागदावर शेरा होता - नकाशा अपूर्ण. अर्जात चार एकर, नकाशात खालची बाजू तेवढी, म्हणजे जेमतेम दोन एकर. होळी झाली की वनहक्क समिती जागेवर येणार. वरची बाजू दाखवता आली तर चार एकर, नाहीतर वरचे दोन कायमचे गेले.

"मग मावशी, तूच दाखव ना हद्द," मी म्हटलं.

"दाखवली ना ताई. तिथपर्यंत." तिने हात लांब केला, माझ्या झेरॉक्स मशीनच्या दिशेने. "पण साहेब म्हणतो, हात करून नाही चालत. दगड दाखव."

हद्दीचे दगड वेस्त्याच्या बापाने पुरलेले. वेस्त्या आजारी पडला तसा वरचा तुकडा पडीक राहिला. डोंगराची माती वाहून आली, वर घाणेरीची झुडपं माजली. दगड कुठे आहेत ते एका वेस्त्याला ठाऊक. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, आणि मुलगा तर मोजणीच्या वेळी लहानच होता.

"गुरुजी पूर्ण फिरला होता ताई," मावशी म्हणाली. "म्हातारा पुढे, गुरुजी मागे. मी भाकर घेऊन गेले होते ना. तुझ्या कॉम्प्युटरमध्ये असेल बघ."

मी लॅपटॉप काढला. चहा झाला, कप धुवून झाले, खिडकी उघडली. वेस्त्याची फाईल सापडली. बावीस ठिपके. खालच्या ओढ्यापासून चढत चढत एका जागी येऊन थांबलेले. पुढे काही नाही.

"इथे काय आहे गं?" मी बोट ठेवून विचारलं. तिला नकाशा थोडाच कळणार, पण मी ओढा कुठे, आंबा कुठे ते सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "तिथे आमच्या पूर्वजांचा दगड आहे."

आणि मग तिने अगदी सहज जे सांगितलं, त्याने माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या दगडापाशी पोचल्यावर पूर्वजांना मोहाच्या दारूची धार द्यायची पद्धत. वेस्त्या धार द्यायला वाकला आणि नानांच्या गळ्यातलं मशीन वाजलं - टुंग. वेस्त्या म्हणाला, गुरुजी, देवाजवळ हे नको. नाना म्हणाले, बरोबर आहे तुझं. मशीन बंद केलं. चपला काढल्या, हात जोडले. तिघांनी तिथेच भाकर खाल्ली. मग मावशी भांडी घेऊन दगडापाशी बसून राहिली आणि ते दोघे वरची हद्द फिरायला गेले.

"मग परत वाजलं का मशीन?" मी विचारलं.

"नाही वाजलं," मावशी म्हणाली.

म्हणजे पठ्ठ्याने मशीन परत सुरूच केलं नव्हतं! उन्हातान्हात अख्खी वरची बाजू फिरले आणि नोंद शून्य. घरी आल्यावरही बघितलं नसणार, कारण त्या आठवड्यात पाच-सहा हद्दी मोजायच्या होत्या. मला नानांचा इतका राग आला म्हणून सांगू! माणूस गेल्यावर त्याच्यावर रागावायचीसुद्धा सोय नसते. दुसऱ्याचा देव दुखावू नये म्हणून बटण दाबणारा माणूस, आणि त्याच बटणापायी या बाईचे दोन एकर जाणार.

मावशीला मी खोटं बोलले नाही. "यात अर्धंच आहे," म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "परत बघ ना ताई. गुरुजी अर्धं करत नव्हता." मग ती एसटी धरायला गेली.

आईला रात्री जेवताना सांगितलं, तर तीही तेच. "अर्धं काम टाकी देनारा मानूस नही व्हता तुन्हा बाप."

मी म्हटलं, "आई, मी फाईल बघितली आहे. बावीस ठिपके आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवढं आहे तेवढं तरी प्रिंट करावं म्हणून लॅपटॉपवरचं मशीन उघडलं. पंचवीस ठिपके.

मला वाटलं, काल मोजताना चुकले. बंद केलं, स्नॅपशॉटवर आणलं. क्लास संपल्यावर परत उघडलं. एकोणतीस. आता वरचे सात ठिपके दगडाच्या पुढे स्पष्ट दिसत होते, डावीकडे वळून चढावर गेलेले. प्रत्येकापुढे वेळ होती, त्याच मोजणीच्या दिवसाची, दुपारची.

घाबरले का? नाही. चिडले. कॉम्प्युटर माझ्याशी खोटं बोलतोय म्हणजे काय? मी ड्राईव्ह उचलला आणि थेट शहाद्याला बहिणीच्या घरी गेले. मेहुण्यांचा लॅपटॉप नवा कोरा. त्यावर तीच फाईल, तोच स्नॅपशॉट उघडला. बावीस. तीनदा उघडला, तीनदा बावीस. मेहुणे म्हणाले, "ताई, तुम्ही जरा आराम करा." मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

परत आले तेव्हा तीन वाजत आले होते. आई पंख्याखाली लसूण सोलत बसली होती. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, ड्राईव्ह लावला, मशीन सुरू केलं आणि यावेळी चहाला उठले नाही. टक लावून बसले. खिडकी उघडली. फाईल उघडली. एकोणतीस.

आणि माझ्या डोळ्यांदेखत तिसावा ठिपका उमटला.

मी माउसला हात लावलेला नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. एक मिनिट झालं. एकतिसावा. तोही तिसाव्यावरच. परत एक मिनिट, आणखी एक, त्याच जागी. मी खुर्ची मागे ढकलून उभी राहिले तशी वायरला धक्का लागला. पिन निसटली. ड्राईव्हचा निळा दिवा विझला.

आता सगळं गोठायला हवं होतं. आजवर शंभर वेळा गोठलं होतं. ड्राईव्ह म्हणजे त्या खोट्या कॉम्प्युटरची अख्खी डिस्क, तीच निघाल्यावर तो चालणार कशावर? पण मिनिट झालं आणि ठिपका आला. त्याच जागी.

"आई, इकडे ये," मी म्हटलं. 

आई लसणाचे हात पदराला पुसत आली. मी तिला दिवा दाखवला, निघालेली पिन दाखवली, स्क्रीन दाखवला. तिला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. ती नुसती माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. त्या एका जागी सहा ठिपके झाले. मग रेघ पुढे सरकली, उतरणीला लागली, उजवीकडे वळली. शेवटचा ठिपका खाली ओढ्यापाशी, पहिल्या ठिपक्याला येऊन भिडला. एकूण बेचाळीस. त्यानंतर स्क्रीन जो गोठला तो गोठलाच.

"पुरं व्हयनं," आई म्हणाली. पूर्ण झालं - बस, एवढंच. आणि रडायला लागली. मलाही रडू आलं. राग राग करत रडले मी. दहा वर्षांनी का होईना, पण बटण दाबलंत ना नाना, असं काहीतरी बडबडले.

मग भानावर आले आणि गोठलेल्या स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढले. बेचाळीसही ठिपक्यांचे अक्षांश-रेखांश बाजूच्या यादीत होते, ते वहीत उतरवून घेतले. फोटो इथे टाकणार नाही. ती रायलीमावशीची जमीन आहे, तुमच्या करमणुकीचा माल नाही.

दोन दिवसांनी मी पाड्यावर गेले. मावशीला मी काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं, "वरच्या बाजूला फिरताना ते दोघे कुठे बसले होते का गं? पाच-सहा मिनिटं?"

"बसले होते ना," ती म्हणाली. "म्हाताऱ्याच्या पायात काटा मोडला होता. गुरुजीने पिनेने काढला. म्हातारा लंगडत आला, मला सांगत होता, गुरुजीला माझा पाय धरायला लागला. लाजला होता."

मी तिथेच दगडावर बसले. पाणी मागितलं.

मोबाइलवर ठिपके भरून आम्ही वर चढलो. मी, मावशी, आणि तिचा एक चुलत दीर, कोयता-कुदळ घेऊन. मोबाइल पाच-सात पावलं इकडेतिकडे दाखवतो, तेवढी फेरी धरून घाणेरी तोडायची आणि खणायचं. जिथे रेघ डावीकडे वळत होती तिथे वीतभर खाली कुदळ खण्णकन वाजली. उभा पुरलेला, घडवलेला दगड. पुढच्या वळणावर दुसरा. उतरणीच्या कोपऱ्यावर तिसरा, तो खणायलाही लागला नाही, नुसती घाणेरी बाजूला केली. मावशी तिसऱ्या दगडाशी बसली आणि त्याच्यावरची माती हाताने पुसत राहिली, पुसत राहिली. तिची भाषा मला येत नाही. ती दगडाशी बोलत होती एवढं कळलं.

आता तुमच्या शंका. ड्राईव्ह काढल्यावरही थोडा वेळ स्क्रीन रॅमवर चालतो? चालतो, मान्य. पण नवे ठिपके रॅमने आणले कुठून? नानांनी नंतर परत जाऊन मोजलं असेल आणि ते फाईलमध्ये कुठेतरी दडलं असेल? मग मेहुण्यांच्या लॅपटॉपवर का नाही दिसलं? नानांचं जीपीएस मशीन चालूच असेल, नुसता आवाज बंद केला असेल? ते मशीन माझ्याकडे आहे, त्याचा आवाज बंद होतच नाही, मी अख्खा दिवस प्रयत्न केला. बरं, समजा झाला बंद. तरी ते ठिपके इतकी वर्षं होते कुठे, आणि एकेक मिनिटाने का आले? त्यानंतर मी तो लॅपटॉप कितीतरी वेळा उघडलाय. बावीस दिसतात. पुण्याच्या एका हुशार पोराला सगळं पाठवलं, त्याने आठवडाभर डोकं लावलं आणि शेवटी "मॅडम, यूजर एरर" म्हणून मोकळा झाला. यूजर मी आहे बाळा, आणि दगड जमिनीत आहेत.

आणि शांती करायला सांगणाऱ्यांनो, कसली शांती? माझ्या घरात अशांत कोण आहे? एका माणसाचं राहिलेलं काम झालं. ते कसं झालं हे मला माहीत नाही. माहीत नाही म्हणायला मला लाज वाटत नाही, आणि भीती तर मुळीच वाटत नाही.

होळी झाली आणि समिती जागेवर आली. पाच पंच, वनरक्षक, तलाठी, आणि लिहायला समितीचा सचिव. मी वहीतले आकडे दिले नाहीत. म्हटलं, दगड समोर आहेत, तुमच्या मशीनने मोजा. त्यांनी मोजलं. दगडापासून दगडापर्यंत, सगळी हद्द. चार एकराला दोन गुंठे कमी भरली. तलाठ्याने अर्जाशी ताडून बघितलं आणि मान हलवली.

मग सचिव पंचनामा लिहायला बसला. मोजणी कोणी केली, हजर कोण, असं एकेक विचारत एका रकान्यापाशी आला - हद्द दाखवणाऱ्याचं नाव.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खणून मीच काढले होते ना दगड. माझं नाव सांगितलं असतं तर विषय संपला असता. पण मी त्या शिवारात आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवलेली बाई. मावशीच्या कागदावर खोटं कशाला?

"वेस्त्या," मी म्हटलं. "वेस्त्या पावरा."

वनरक्षक हसला. "ताई, तो तर वारला ना?"

"वारला."

"मग मयत माणूस हद्द कशी दाखवेल?"

"हे दगड कुठे आहेत ते तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं. "नव्हतं. तलाठीभाऊंना? मला? या मावशीला? कोणालाच नव्हतं. आणि आत्ता तुम्ही स्वतः मोजलं तर गुंठ्यागुंठ्याने बरोबर निघालं. मग ज्याला ठाऊक होतं त्याचंच नाव लिहा की."

 मग पंचांमधला सगळ्यात म्हातारा त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. मला त्यातलं 'वेस्त्या' तेवढं कळलं. दुसरा पंच तेच म्हणाला, तिसराही. पाचही जण बोलून झाले. सचिवाने एकदा वनरक्षकाकडे बघितलं आणि नाव लिहिलं. खाली रायलीमावशीचा अंगठा झाला, पंचांचे अंगठे झाले, आणि वनरक्षकाने सही केली.

तो कागद पाड्यावरून तालुक्याला गेला, तालुक्यावरून जिल्ह्याला गेला. किती टेबलं फिरला असेल, किती साहेबांनी वाचला असेल. गेल्या महिन्यात मंजूर होऊन आला. मी रायलीमावशीला दुकानात बसवून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचून दाखवला, आणि त्या नावापुढे एकानेही शेरा मारलेला नव्हता.